सायकलीची खांदशेकणी

एकोडीत भुपेंद्र नावाची दोन-तीन माणसं सापडतील. पण 'सायकलवाला भुपेंद्र' म्हटलं, की गावातलं कुणीही तुम्हाला तलावाच्या पारीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, कौलारू घरापर्यंत नेऊन सोडायचं, आणि सोडताना बजावायचं, "जा जी, पण बुढ्याजवळ सायकलीची गोष्ट काढू नोका. एकदा सुरू झाला का जेवाची वेळ निघून जाते." बुढा म्हणजे श्यामराव, भुपेंद्रचे वडील. आणि सुरू होणं म्हणजे चितळाची गोष्ट. पोरगा पहाडीवरून सायकलनं उतरतो आहे, वाऱ्याशी बोलतो आहे, आणि सागाच्या झाडीतून अचानक हे एवढ्या शिंगांचं चितळ आडवं येतं! पहिल्या वर्षी ते साधं चितळ होतं. दुसऱ्या वर्षी त्याला शिंगं आली. पुढं ती शिंगं इतकी वाढली, की शेजारचे भय्याजी म्हणायचे, "श्यामराव, आता त्याले सांबरच करून टाका."

गाव हसायचं. श्यामरावही हसायचे. भुपेंद्र तेवढा हसायचा नाही, आणि लोकांना वाटायचं, बिचाऱ्याचा पाय ठणकत असेल.

चितळ नव्हतंच. हे एकट्या भुपेंद्रला माहीत होतं. आणि खरं काय घडलं ते बापाच्या कानावर कधीही जाऊ नये, एवढ्या एका गोष्टीसाठी या माणसानं कित्येक वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. आता सांगायचंच आहे, तर सुरुवातीपासून सांगू.

श्यामराव म्हणजे पटाचा माणूस. शेती धानाची, तलावाच्या पाण्यावरची, चारचौघांसारखी. पण गोठ्यात जोडी होती, बादल आणि पोपट्या, आणि शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, ती जोडी सुटली की श्यामरावांच्या अंगात वारं भरायचं. त्यांच्या बायकोची, शकुनबाईची, जिवंत होती तोवर एकच तक्रार असायची, "माह्यापेक्षा बैलाच्या खांद्यावर जास्त हात फिरवते हा माणूस." खोटं नव्हतं ते. जू घासून बैलाच्या खांद्यावर साधा ओरखडा दिसला, तरी तूप-हळद गरम करून लावल्याशिवाय श्यामराव चहाला शिवायचे नाहीत. "जठी जोर पडते, जठी घासते, तठी पयले तूप," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणाचं कंबरडं धरलं तरी हेच, सुनेचं सासूशी पटत नसलं तरी हेच.

अशा बापाच्या पोटी भुपेंद्र. बी.ए. झाला, साकोलीच्या एका राईस मिलमध्ये सुपरवायझर म्हणून लागला, दिवसभर भुसा खाऊ लागला. बैलांची त्याला ना आवड ना नावड. पण वेग काय असतो ते त्यानं लहानपणी पटाच्या धुळीत पाहिलं होतं, ते कुठं जातं? नागपूरच्या एका डॉक्टराची जुनी माउंटन बाईक मिलच्या मालकाच्या ओळखीनं त्याला मिळाली. जाड दातेरी टायर, पुढं शॉकॲब्सॉर्बर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली पोलादी चकती धरून चाक थांबवणारे. ती घरी आली त्या दिवशी अर्धं गाव अंगणात.

"घंटी काहून नाही गा हिले?"

"कॅरिअर नाही? मंग धानाचा कट्टा कुठं ठेवाचा?"

भय्याजींनी सायकलीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "घंटी नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही. पोट्टा अर्धीच सायकल घेऊन आला."

या अर्ध्या सायकलीनं भुपेंद्रचं सगळं आयुष्य व्यापून टाकलं. उन्हाळ्यात धान निघून शेतातल्या बांध्या कोरड्या पडल्या, की तो त्यांच्या मधल्या हातभर रुंदीच्या धुऱ्यावरून, मातीच्या बांधावरून, सायकल चालवायचा. तोल गेला की खाली बांधीत, ढेकळांवर. गुडघे फुटायचे, कोपरं सोलायची, बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसायच्या. "लगन करून दे याचं, धुऱ्यावरून खाली येईन," असा सल्ला श्यामरावांना रोज मिळायचा. पोरगा मात्र पडून पडून शिकला. धुऱ्यावर तोल साधला, मग तलावाच्या पारीवर दम वाढवला, आणि मग गावामागच्या पहाडीला लागला. लाल मुरमाची पायवाट, दोन्हीकडं साग, मध्ये मोहाचं एक म्हातारं झाड आणि तिथं अवघड वळण. चढताना छाती फुटायची. उतरताना बूड सीटच्या मागं न्यायचं, नजर पुढच्या दगडावर ठेवायची आणि ब्रेकवर एकेक बोट. भुपेंद्र म्हणायचा, "चढ फुप्फुसाचा असते, उतार काळजाचा."

रविवारी सायकल गोठ्यात उलटी व्हायची. चैन रॉकेलनं धुवायची, दातांच्या जुन्या ब्रशनं दात्यातला चिखल काढायचा, चैन सुकली की प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब आणि मग वरचं तेल फडक्यानं पुसून घ्यायचं. चैन ओली दिसली म्हणजे तेल जास्त झालं, धूळ धरणार. श्यामराव खाटेवर बसून पाहायचे. आधी तोंड वाकडं करून, मग नुसतेच, आणि मग एक दिवस म्हणाले, "खरारा करून राहिला तू. मीच शिकवलेला."

तेव्हापासून बापलेकांचं जमलं. भुपेंद्र दोन-चार शर्यतींना जाऊन आला. एकीत मधल्या कुठल्यातरी नंबरावर आला. श्यामरावांनी गावात सांगताना तो नंबर बराच वर ओढला. पटाच्या माणसाला एवढं तर माफ करायला पाहिजे.

पुढं पोपट्या म्हातारपणानं गेला. एकटा बादल दावणीला उभा राहून हंबरायचा, ते श्यामरावांना बघवेना. त्यांनी त्याला लेकीकडं, कामिनीकडं, आसगावला पाठवून दिलं. शेतात भाड्याचा ट्रॅक्टर फिरू लागला. गोठा रिकामा झाला, आणि जिथं घुंगरांच्या माळा टांगलेल्या असायच्या त्या खुंटीखाली सायकल उभी राहू लागली.

त्यानंतरचा पहिला पोळा आला. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या सांजेला खांद शेकतात. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजलेला असतो, म्हणून कोमट तूप-हळद पळसाच्या पानानं त्याच्या खांद्याला चोळतात आणि त्याच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या सांजेला गावभर हळदीचा वास सुटला, आणि श्यामराव रिकाम्या गोठ्यात वाटी घेऊन उभे. बैल नाही. पन्नास वर्षांचा हात, तो कुठं ठेवायचा?

त्यांनी सायकलीकडं पाहिलं. हॅंडल ही शिंगं, त्याला हळद लावली. सीटला बोट लावलं. मग त्यांना चाकाच्या मधोमध ती गोल पोलादी चकती दिसली. तिच्यावर बारीक बारीक ओरखडे, गोल, एकावर एक. जू घासल्यासारखे. "अरे बाप्पा, किती घासून राहिलं बिचारीले," म्हणून म्हाताऱ्यानं पळसाचं पान तुपात बुडवलं आणि दोन्ही चकत्या मन लावून चोळल्या. जिथं घासतं तिथं आधी तूप. मग हॅंडलशी वाकून आवतन दिलं. भुपेंद्र मिलमधून थकून आला होता, आत झोपला होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पोळ्याच्या पहाटे तो सायकल घेऊन निघाला. दुपारी सगळा गडबड-गोंधळ, म्हणून पहाडी सकाळीच उरकायची. हॅंडलला हळद दिसली तसा तो हसला. बापाचं वेड त्याला गोड वाटलं. सवयीनं त्यानं दारातच ब्रेक दाबून पाहिले. दांडी नेहमीसारखी टणक. या ब्रेकची दांडी आतल्या तेलाच्या दाबावर टणक लागते, चकतीवर काहीही माखलेलं असो. चिखलाच्या वाटेनं जाताना ब्रेक थोडे चिरकले, तेव्हा त्याला वाटलं, पावसाळा आहे, ओले झाले असतील. चढावर ब्रेक लागतच नाही. वर पोचला, पाणी प्याला, खाली तलाव आणि हिरवीगार धानं पाहिली, आणि सुटला.

मोहाच्या वळणावर त्यानं दोन्ही ब्रेक ओढले. दांड्या टणकच होत्या. चाकं फिरतच राहिली. त्यानं बोटं मोडेस्तोवर ओढले, पाय घासले, काही उपयोग झाला नाही. सायकल वळणाला न जुमानता सरळ गेली आणि तो नाल्याच्या दगडांवर आदळला. कमरेत काहीतरी तुटल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला.

शुद्धीत होता. हेच वाईट झालं म्हणा. शेजारीच सायकल आडवी, पुढचं चाक तोंडाजवळ हळू हळू फिरत होतं, आणि त्यातून घरच्या तुपाचा आणि हळदीचा वास येत होता. चकती पिवळी होती. भुपेंद्रला एका क्षणात सगळं कळलं. बाप वाटी घेऊन गोठ्यात बसला असेल, मन लावून चोळत असेल, ते त्याला समोर दिसलं. त्याला आपल्या पायाचं रडू आलं नाही, बापाचं आलं.

मग त्यानं काय करावं? कंबर मोडलेल्या त्या माणसानं अंगातला टी-शर्ट काढला, सागाची ओली पानं ओढली, आणि सरपटत सरपटत दोन्ही चकत्या पुसून काढल्या. दर हालचालीला डोळ्यांपुढं अंधारी यायची. गावची गुरं राखणारा गायकी वर आला तेव्हा चकत्या चकचकीत होत्या आणि भुपेंद्रच्या ओठांवर गोष्ट तयार होती, "चितळ आडवं आलं."

नागपूरला ऑपरेशन झालं. खुब्यात सळया पडल्या, एक पाय आखूड राहिला. सायकल चालवणं तर गेलंच, मिलमध्येही फिरतीचं काम गेलं आणि खुर्ची आली. लाखनीच्या रुपाचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. तिच्या घरच्यांनी दोनदा येऊन तब्येत विचारली आणि तिसऱ्यांदा आले नाहीत. त्यांना तरी काय बोल लावायचा? 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणत सगळं गाव भेटून गेलं. श्यामराव दवाखान्याच्या पायरीवर बसून येईल त्याला सांगायचे, "माह्या पोट्ट्यानं मुक्या जनावराले वाचवलं जी. स्वतः पडला, पण त्याले धक्का नाही लागू देल्ला." पटात आयुष्यभर बैल पळवलेल्या माणसाला याहून मोठं काय हवं? पोराची कंबर मोडल्याचं दुःख तो म्हातारा या एका अभिमानाच्या काठीवर रेटत होता. ती काठी काढून घेतली तर तो उभा राहणार नाही, हे भुपेंद्रला पक्कं समजलं.

पण माणूस काही देव नसतो. एकदा पावसाळ्यात खुब्यात अशी कळ लागली होती की त्याला उठवत नव्हतं. श्यामराव शेजारी बसून पाय शेकत होते, आणि शेकता शेकता सहज म्हणाले, "थोडा ब्रेक दाबला असता तं, भुप्या?"

शब्द अगदी ओठांवर आले. भुपेंद्रनं ते गिळले. "दाबला होता बाबा," एवढंच म्हणाला, आणि काठी टेकत पारीवर जाऊन ढसाढसा रडला. त्याला बापाचा राग आला होता, आणि राग आल्याची लाज वाटत होती, आणि दोन्ही सांगायला जगात कुणी नव्हतं.

सायकल त्यानं दुरुस्त करून गोठ्यात ठेवली. विकायची म्हटलं तर श्यामराव भडकायचे, "बैल बसला म्हणून कोणी खाटकाले देते का?" दर पोळ्याला ते तिची खांद शेकायचे, चकत्यांना तूप चोळायचे, आवतन द्यायचे. भुपेंद्र ओट्यावर बसून पाहायचा. तिच्यावर कुणी बसणार नव्हतं. तरी पोळा झाला की तो गुपचूप स्पिरिटनं चकत्या पुसून काढायचा.

असं चालू राहिलं असतं. पण एका वर्षी पोळा झाल्यावर कामिनीची पोरगी डिंपल कॉलेजसाठी आसगावहून मामाकडं राहायला आली. पोट्टी म्हणजे नुसतं वारं. आल्या आल्या गोठ्यात गेली, सायकल बाहेर काढली आणि म्हणाली, "मामा, मले शिकव."

"नाही."

"काहून?"

"नाही म्हणलं ना."

श्यामरावांनी नातीची बाजू घेतली. "शिकव ना रे. बैल बांधून ठेवला का बिघडते." दोघांपुढं त्याचं काही चाललं नाही. खरं सांगायचं तर त्यालाही तेच हवं होतं. नागपूरहून नवे ब्रेक पॅड आणले, टायर बदलले, आणि आखूड पायाचा तो मामा पारीवर उभा राहून ओरडू लागला, "नजर चाकावर नोको, पुढं! कोपर सैल सोड! मांगचा ब्रेक आधी!" वर्षभरात पोट्टी धुऱ्यावरून पारीवर आणि पारीवरून पहाडीवर पोचली. हिवाळ्यात तिची पहिली शर्यत होती. कित्येक वर्षांनी भुपेंद्र शीळ घालताना दिसला.

पहिल्याच दिवशी, सायकलीला हात लावू देण्याआधी, त्यानं तिच्याकडून एक गोष्ट घोकून घेतली होती. "चैनीले तेल, डिस्कले कवाच नाही. तूप नाही, बोटसुद्धा लावाचं नाही. काय?"

"डिस्कले तेल नाही, तूप नाही, बोट नाही."

तूप हा शब्द मामानं काहून घातला, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तिथंच चुकलं. पाठ करून घेतलं, पण हे आबाजींसमोर, म्हणजे श्यामरावांसमोर, बोलायचं नाही, एवढं म्हणायला तो धजला नाही. म्हटलं असतं तर पोट्टीनं कारण विचारलं असतं.

पोळा जवळ आला तशी त्याला झोप लागेना. म्हातारा तूप लावणार हे नक्की. मागून पुसता येतं, पण तूप एकदा नव्या पॅडमध्ये मुरलं की पुसून जात नाही, आणि पोट्टी सकाळी पहाडीला जाणार. त्यानं उपाय काढला. पोळ्याच्या आदल्या दिवशी सायकल साकोलीला योगेंद्रच्या सायकलदुकानात ठेवायची, सर्व्हिसिंगच्या नावाखाली. दुसऱ्या दिवशी दुपारी आणायची. डिंपलला तसं बजावून तो मिलला गेला.

आणि डिंपल निघालीसुद्धा होती. पण श्यामरावांनी तिला अंगणातच अडवलं. "आज? अवं, पोळ्याच्या दिवशी बैल घराबाहेर ठेवते का कोणी? उद्या सकाळी आवतनाचं जेवण आहे तिचं." पोट्टीला ते पटलं. तिला ते गोडच वाटलं. तिनं सायकल परत गोठ्यात लावली.

भुपेंद्र सांजेला बसमधून उतरून घरी आला तेव्हा गावभर हळदीचा वास सुटला होता. फाटकाशी पोचला आणि तिथंच थांबला. अंगणात सायकल धुऊन पुसून उभी. हॅंडलला हळद, सीटला हळद. श्यामराव उकिडवे बसलेले, हातात तुपाची वाटी, पळसाचं पान चकतीजवळ नेलेलं. आणि डिंपल घरातून पळत येत होती.

"आबाजी, नोको! थांबा, थांबा! तठी नाही लावाचं!"

"काहून वो? घासून राहिलं बिचारीले."

"अहो, तठीच तं ब्रेक धरते. तूप लागलं का धरतच नाही, चाक फिरतच राह्यते. मामानं पयल्याच दिवशी पाठ करून घेतलं. डिस्कले तेल नाही, तूप नाही, बोट नाही. उतारावर माणूस मरून जाईन, आबाजी!"

ती हसत होती. म्हाताऱ्याचा वेडेपणा वेळेवर पकडला म्हणून खुशीत होती. श्यामरावांचा हात हवेतच राहिला. पानावरून तूप थेंब थेंब मातीत पडत होतं.

"तूप म्हणाला मामा?"

"हव. तूप."

म्हातारा एका एका पोळ्यातून मागं मागं जात होता, हे फाटकातून भुपेंद्रला दिसत होतं. धावत जावं असं वाटलं, पण त्या पायानं धावता कुठं येतं? श्यामरावांनी मान वर केली आणि बापलेकांची नजर मिळाली.

"भुप्या," ते म्हणाले, "चितळ होतं ना रे?"

"होतं ना, बाबा."

"शिंगाचं होतं?"

"हे एवढ्या शिंगाचं. तुम्ही सांगता तसंच."

श्यामरावांनी वाटी खाली ठेवली. हात धोतराला पुसले, परत पुसले. डिंपल एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहत राहिली. मग म्हातारा भिंतीला धरून उठला आणि आत गेला. त्या सांजेला सायकलीला आवतन मिळालं नाही. भुपेंद्रनं जाऊन हॅंडलशी वाकून पाहिलं, मग सायकल ढकलत गोठ्यात नेऊन लावली.

दुसऱ्या दिवशी पोळा भरला. गावाबाहेरच्या आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली उरलेल्या जोड्या, झूल, बेगड, पोळ्याच्या गाण्यांचा, झडत्यांचा गलका. श्यामराव कडुनिंबाखाली दगडावर बसले होते. भय्याजींना दरवर्षीचीच लहर आली. पाहुण्यांना घेऊन आले आणि म्हणाले, "श्यामराव, सांगा ना चितळाची गोष्ट. या वर्षी शिंगं किती वाढले?"

श्यामराव जमिनीकडं पाहत राहिले. भय्याजी परत म्हणाले, "सांगा ना जी." लोक थांबले होते.

तेव्हा भुपेंद्र काठी टेकत पुढं आला. इतक्या वर्षांत त्यानं ती गोष्ट स्वतः कधी सांगितली नव्हती. "मी सांगतो," तो म्हणाला, आणि त्यानं सांगितली. बापाच्याच शब्दांत, बापाच्याच हातवाऱ्यांनी. पोरगा उतरतो आहे, वाऱ्याशी बोलतो आहे, आणि सागातून हे एवढ्या शिंगांचं चितळ! "ब्रेक असे दाबले जी, असे दाबले, सायकल जागच्या जागी उभी! ब्रेक पक्के होते. ब्रेक पक्के होते जी. पण ते जनावर माह्याकडं पाहून घाबरलं, म्हणून मीच हॅंडल वळवलं." पाहुणे हसले, भय्याजींनी मांडीवर थाप मारली, "बापाच्या वरचा निघाला पोट्टा!"

ब्रेक पक्के होते, हे वाक्य बापाच्या गोष्टीत कधी नव्हतं. भुपेंद्रनं ते दोनदा म्हटलं, बापाकडं पाहून. श्यामरावांनी डोळ्यांवर गमछा ओढला. लोकांना वाटलं, ऊन लागलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी डिंपल हेल्मेट घालून अंगणात आली तेव्हा श्यामराव गोठ्यात आधीच बसलेले होते. समोर सायकल उलटी, हातात स्वच्छ पांढरं फडकं, शेजारी भुपेंद्रची स्पिरिटची बाटली. चाक एका हातानं धरून ते दुसऱ्या हातानं चकती पुसत होते, बैलाचा खांदा पुसावा तसे, ओरखड्यांच्या कडेकडेनं. त्या वर्षी तिला तूप लागलंच नव्हतं. चकती आरशासारखी होती. तरी ते पुसत होते. थांबत नव्हते.

भुपेंद्र दारात येऊन उभा राहिला. थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाला, "झालं बाबा. साफ आहे."

"नाही रे," श्यामराव म्हणाले. मान वर केली नाही. "पिवळं दिसते अजून."

भुपेंद्रनं डिंपलला खुणेनं थांबायला सांगितलं. काठी भिंतीला लावली, आखूड पाय आधी पुढं सोडून कसाबसा बापाच्या शेजारी जमिनीवर बसला. त्यानं हात पुढं केला आणि चाक हळू हळू फिरवून दिलं, म्हणजे बाबांना पुढचा भाग पुसता यावा.